भुयारातला राक्षस आणि समीक्षकांचा कौल: ‘द डिसेंट’ डोक्यावर, ‘द केव्ह’ पायदळी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००५ साली गुहेत अडकलेल्या माणसांवर तुटून पडणाऱ्या हिंस्र प्राण्यांचे दोन चित्रपट आले: ब्रिटनचा ‘द डिसेंट’ आणि अमेरिकेचा ‘द केव्ह’. कल्पना जवळपास एकच असूनही समीक्षकांनी पहिल्याला उचलून धरले आणि दुसऱ्याला झोडपून काढले. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिल्याचा आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास आहे, तर दुसऱ्याचा १५ टक्क्यांच्याही खाली. आपण ‘द डिसेंट’ घरी पाहिलात, पहिला पाऊण तास राक्षस दिसेना म्हणून कंटाळलात, आणि शेवटी नायिका सुटली म्हणून आपल्याला बरे वाटले. आपले मित्र मात्र म्हणतात की ती सुटतच नाही. तेव्हा समीक्षकांनी फाजील कौतुक केले की आपणच काही वेगळे पाहिले, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे चित्रपट-परीक्षणे लिहीत आलो आहे आणि त्यांत भयपटांचा वाटा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे दोन्ही कथानके आणि शेवट उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. टक्केवारी नेमके काय सांगते, समीक्षकांना या चित्रपटात काय भावले, आणि त्यांनी जो चित्रपट पाहिला तोच आपण पाहिला का? यांतली तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारातच घेत नाहीत, आणि आपल्या बाबतीत नेमकी तीच महत्त्वाची आहे.

आधी आकड्यांचे पाहू. रॉटन टोमॅटोजवरील टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे मत एकूणात अनुकूल होते, एवढेच ती सांगते. दहा समीक्षकांनी पाचपैकी तीन तारे देऊन ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ असे म्हटले, तर आकडा १०० टक्के होतो. सात जणांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि तिघांनी एकच दिला, तर आकडा ७० टक्क्यांवर येतो. पण सरासरी काढली तर पहिल्या उदाहरणात ३ तारे पडतात आणि दुसऱ्यात ३.८. भयपटांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण भयपटावरची मते मधल्या पट्ट्यात क्वचितच रेंगाळतात. ज्याच्यावर भीतीचा परिणाम झाला तो भरभरून लिहितो, ज्याच्यावर झाला नाही त्याला सगळा खटाटोप पोरकट वाटतो. मेटाक्रिटिक हे दुसरे संकेतस्थळ परीक्षणांना गुण देऊन, काही नियतकालिकांना अधिक वजन देऊन सरासरी काढते. तिथे ‘द डिसेंट’ ७० च्या आसपास आहे. म्हणजे पसंती व्यापक होती, पण सगळ्यांनी एकसारखीच वाहवा केली असे नाही. आपण ‘८५ टक्के उत्तम चित्रपट’ अशा अपेक्षेने बसला असाल, तर ती अपेक्षा आकड्याच्या चुकीच्या वाचनातून आली होती.

आता समीक्षकांना काय भावले ते पाहू. लेखक-दिग्दर्शक नील मार्शल यांचा हा दुसरा चित्रपट. त्याआधी २००२ मध्ये त्यांनी ‘डॉग सोल्जर्स’ केला होता, ज्यात सैनिकांची तुकडी विरुद्ध नरलांडगे असा सरळ सामना होता. ‘द डिसेंट’चा खर्च सुमारे ३५ लाख पौंड, म्हणजे त्या काळच्या हिशेबानेही बेताचाच. साहसाची आवड असलेल्या सहा मैत्रिणी अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांतील एका गुहेत उतरतात. त्यांतल्या सारावर वर्षभरापूर्वी मोठा आघात झालेला आहे: मोटार अपघातात तिचा नवरा आणि लहान मुलगी दोघेही गेले. गुहेत शिरल्यावर दरड कोसळून वाट बंद होते, आणि मग कळते की जूनो नावाच्या मैत्रिणीने सगळ्यांना फसवून, ठरलेल्या परिचित गुहेऐवजी कुठल्याही नकाशावर नसलेल्या गुहेत आणले आहे. त्यामुळे शोधपथक येईल ते दुसऱ्याच गुहेत. राक्षस येण्याआधीच त्यांची सुटका जवळपास अशक्य झालेली असते.

आपल्याला कंटाळवाणा वाटलेला पूर्वार्ध तो हाच, आणि अनुकूल परीक्षणांपैकी बहुतेकांनी याचीच स्तुती केली. चित्रपट ऐन रंगात येतो तो माझ्या मते एका अरुंद कपारीत. सारा पोटावर सरपटत पुढे जाताना मधेच अडकते, श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की छाती फुगून माणूस आणखी घट्ट अडकते. बेथ ही मैत्रीण मागे वळून तिच्याकडे येते, चेहऱ्याला चेहरा लावून तिला बोलते करते, थोडी थट्टा करते. कॅमेरा त्या दोघींच्या चेहऱ्यांना इतका बिलगलेला असतो की कपारीची रुंदी आपल्याला डोळ्यांपेक्षा छातीत अधिक कळते. त्या सुटतात आणि लगेच दगड कोसळू लागतात. या प्रसंगात कोणताही प्राणी नाही, रक्त नाही, अचानक दचकवणे नाही. मी भयपटाचे परीक्षण करताना स्वतःला एक प्रश्न विचारतो: राक्षस काढून टाकला तर या जागेची भीती उरते का? इथे ती पुरेपूर उरते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. खऱ्या गुहेत चित्रीकरण करणे धोक्याचे आणि अवघड म्हणून लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत गुहा उभारल्या गेल्या. स्टुडिओत उभारलेली गुहा ओळखू येते ती सहसा प्रकाशामुळे, कारण जिथे सूर्यकिरण पोहोचूच शकत नाही तिथे कुठून तरी निळसर उजेड झिरपत असतो आणि सगळ्या भिंती छान दिसतात. मार्शल आणि छायाचित्रणकार सॅम मॅककर्डी यांनी उजेड बहुतांशी पात्रांकडे असलेल्या साधनांपुरताच ठेवला: शिरस्त्राणावरचे दिवे, हातात पेटवायच्या लाल फ्लेअर, हिरवट ग्लो-स्टिक, आणि एका कॅमेऱ्याची रात्रदृष्टी. चौकटीचा मोठा भाग निव्वळ काळा राहतो. यामुळे दोन गोष्टी साधतात. गुहा किती मोठी आहे हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही, आणि प्रत्येक दिवा विझणे ही कथेतली घटना होते. क्रॉलर, म्हणजे त्या गुहेत राहणारे आंधळे, पांढुरके, माणसासारखे जीव, पहिल्यांदा स्पष्ट दिसतात ते याच रात्रदृष्टीतून. घाबरलेल्या मैत्रिणी वाद घालत असतात, कॅमेरा एकेकीवरून फिरतो, आणि त्यांच्याच घोळक्यात, अगदी पाठीशी, तो उभा असतो. तोपर्यंत चित्रपट निम्म्यावर आलेला असतो. कलाकारांना हे जीव आधी दाखवले नव्हते. त्या दृश्याच्या वेळीच त्यांनी ते प्रथम पाहिले. ही माहिती निर्मितीच्या गप्पांमध्ये नेहमी रंगवून सांगितली जाते. मला स्वतःला त्या युक्तीपेक्षा दृश्याची रचना अधिक महत्त्वाची वाटते, कारण प्रेक्षक घाबरतो तो कलाकार खरोखर घाबरले म्हणून नाही, तर नजर कुठे ठेवायची हे दिग्दर्शकाने आधी ठरवले म्हणून.

तिसरी गोष्ट पात्रांची. सहाही प्रमुख पात्रे स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही सुटका करायला पुरुष येत नाही. या निवडीची दखल जवळपास प्रत्येक परीक्षणाने घेतली. माझ्या मते खरे बळ त्याच्या पुढच्या पायरीत आहे: त्यांचे आपसातले संबंध आधीपासून तडकलेले आहेत. जूनो आणि साराचा नवरा यांच्यात काही होते, हे सूचित केले आहे. झटापटीत जूनोच्या कुदळीचा घाव चुकून बेथच्या मानेवर बसतो आणि जूनो तिला तिथेच सोडून निघून जाते. क्रॉलर नसते तरी या बायका एकमेकींना पुरून उरल्या असत्या. राक्षसपटात राक्षस बहुधा संकटाचे मूळ असतो. इथे तो आधीच असलेल्या संकटाचा निकाल लावतो. २००५ च्या ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म पुरस्कारांमध्ये मार्शल यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तो या प्रकारच्या चित्रपटांना सहजासहजी मिळत नाही.

प्रतिकूल मतांनाही आधार होता. दोन आक्षेप वारंवार आले. पहिला असा, की अंधारात, सारखीच शिरस्त्राणे घालून, चिखलाने माखलेल्या सहा जणी वेगळ्या ओळखू येत नाहीत. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. सारा, जूनो आणि बेथ या तिघी ठसतात, उरलेल्या तिघींना पटकथा पुरेसा वेळ देत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या मरणाचा चटका लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: क्रॉलर आल्यावर चित्रपट आपली पहिली भीती सोडून रक्ताच्या चिळकांड्या आणि हाणामारीकडे वळतो. उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सूक्ष्म नाही, हे मीही म्हणेन. शिवाय हे जीव आवाजावर शिकार करतात, पण अंगाला अंग लागेल इतक्या जवळ असलेल्या माणसाचा त्यांना वासही कसा येत नाही, हा प्रश्न पाहतानाच पडतो. अनुकूल समीक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला, कारण तोवर त्यांचा चित्रपटावर विश्वास बसला होता. म्हणजे आपल्याला जे उलट वाटले (पूर्वार्ध संथ, उत्तरार्ध रंगतदार) ते विक्षिप्त नाही. राक्षस पाहायला आलेल्या प्रेक्षकाला तसेच वाटणार. फक्त समीक्षक ज्याला गुण देत होते ती गोष्ट वेगळी होती.

‘द केव्ह’बद्दल थोडक्यातच लिहिणे पुरे. दिग्दर्शक ब्रूस हंट, खर्च सुमारे ३ कोटी डॉलर, म्हणजे ‘द डिसेंट’च्या कित्येक पट. रुमानियातील गुहेत पाणबुड्यांचे पथक उतरते, वाट बंद होते, परजीवींमुळे बदललेले प्राणी एकेकाला उचलून नेतात. पाण्याखालचे चित्रण चांगले आहे आणि ते कष्टाने केले आहे, हे त्याला नावे ठेवणाऱ्यांनाही मान्य होते. पण मघाचा प्रश्न इथे विचारून पाहा: राक्षस काढला तर काय उरते? धिप्पाड, निष्णात माणसांचे एक पथक, जे गुहेत सुखाने वावरते. जागेची भीती पात्रांनाच वाटत नाही, तर प्रेक्षकाला कुठून वाटणार? परजीवीचे शास्त्रीय स्पष्टीकरण कथेत आहे, तरी त्यातून कोणत्याही दोन माणसांमध्ये खरा पेच उभा राहत नाही. संकलन इतके तुटक आहे की हल्ल्याच्या वेळी कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. आणि अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र होते, म्हणजे किशोरवयीन प्रेक्षकही जाऊ शकतील अशा मर्यादेत तो राहिला, तर ‘द डिसेंट’ ब्रिटनमध्ये केवळ अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी होता. प्रमाणपत्रावरून भीती ठरत नाही. तरीही हल्ला दाखवायचा नाही आणि सुचवायची कलाही अंगी नाही, अशा कात्रीत ‘द केव्ह’ सापडला आहे.

आता आपल्या मित्राशी झालेल्या वादाकडे येतो. ‘द डिसेंट’चे दोन शेवट आहेत आणि आपण दोघेही बरोबर आहात. ब्रिटनमध्ये तो ८ जुलै २००५ रोजी प्रदर्शित झाला. अमेरिकेत तो थेट ४ ऑगस्ट २००६ रोजी आला, आणि तिथे शेवटचे साधारण एक मिनिट कापलेले होते. अमेरिकी आवृत्तीत सारा हाडांच्या ढिगावरून वर चढते, गाडीपर्यंत पोहोचते, पळ काढते, थांबते, शेजारच्या आसनावर रक्ताळलेली जूनो दिसते, आणि किंकाळीवर चित्रपट संपतो. मूळ आवृत्तीत यापुढे सारा गुहेतच जागी होते. समोर तिची मेलेली मुलगी वाढदिवसाचा केक घेऊन बसलेली तिला दिसते. कॅमेरा मागे सरतो तेव्हा तिथे फक्त पेटती मशाल असते, आणि क्रॉलरांचे आवाज जवळ येत असतात. इतका निराश शेवट अमेरिकी प्रेक्षकाला रुचणार नाही, असे कारण तेव्हा दिले गेले.

या एका मिनिटाने चित्रपटाचा अर्थ बदलतो, म्हणून २००५ ची ब्रिटिश परीक्षणे आणि २००६ ची अमेरिकी परीक्षणे एकाच टक्केवारीत घालणे मला खटकते. मूळ शेवटात सारा मुलीकडे पाहून हसते. बाहेर पडण्याची धडपड सोडून ती आपल्या दुःखापाशी परत गेली आहे, आणि सुरुवातीच्या अपघाताला तिथे उत्तर मिळते. कापलेल्या शेवटात उरतो तो शेवटचा दचका आणि थोडी अपराधी जाणीव. अनेक प्रेक्षकांनी मूळ शेवटावरून असाही तर्क बांधला की क्रॉलर नव्हतेच, सगळे साराच्या मनाचे खेळ होते. मला तो तर्क पटत नाही, कारण क्रॉलर इतरांनाही दिसतात आणि सारा जवळपास नसतानाही दिसतात. पण तो मुळात सुचतो, याचे श्रेय त्या कापलेल्या मिनिटालाच जाते. २००९ साली आलेला दुसरा भाग, जो मूळ चित्रपटाचे संकलक जॉन हॅरिस यांनी दिग्दर्शित केला, सारा बाहेर आली असे धरूनच सुरू होतो. त्याचे स्वागत पहिल्याच्या मानाने बरेच थंड झाले.

परिस्थितीची आणखी एक बाजू आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, ७ जुलै २००५ रोजी, लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ५२ निरपराध माणसे मारली गेली. भुयारात किंचाळणाऱ्या बाईचे चित्र असलेल्या जाहिराती सार्वजनिक वाहनांवर लागलेल्या होत्या; वितरकाला त्या काढून घ्याव्या लागल्या आणि जाहिरातीतला मजकूरही बदलावा लागला. त्या आठवड्यात लंडनच्या चित्रपटगृहात जमिनीखाली अडकलेल्या माणसांची गोष्ट पाहणे ही निव्वळ करमणूक राहिली नसणार. परीक्षणे बहुतांशी आधीच लिहून झालेली असल्याने समीक्षकांच्या मतावर याचा परिणाम झाला असे मी म्हणणार नाही. पण सुरुवातीच्या दिवसांतल्या प्रेक्षकसंख्येवरून चित्रपटाचे यशापयश ठरवणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवली पाहिजे. पुढे जगभरात मिळून त्याने ५ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली.

आणि आपण तो घरी पाहिलात. यात आपला दोष नाही, पण काळ्या चौकटीवर उभा असलेला चित्रपट दिवा लावलेल्या खोलीत, पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असताना पाहिला, तर त्याचे निम्मे काम बंद पडते. समीक्षकांनी तो पूर्ण अंधारात, मोठ्या पडद्यावर, मधे उठण्याची सोय नसताना पाहिला. गुहेत पाणी ठिबकण्याचा आवाज, दुरून येणारी टकटक, डेव्हिड ज्युलियन यांचे दबके संगीत, हे सगळे दूरचित्रवाणी संचाच्या छोट्या ध्वनिक्षेपकांतून जवळपास नाहीसे होते. ध्वनी गेला की पूर्वार्धात केवळ बायका रांगताना दिसतात, आणि मग तो लांबलेला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. इतर कितीतरी चित्रपट हे नुकसान सहन करतात. हा करत नाही, आणि ही त्याची एक मर्यादाही मानता येईल.

म्हणून सुचवतो ते असे. मूळ ब्रिटिश आवृत्ती मिळवा. लांबीत साधारण एक मिनिटाचा फरक असल्याने ती ओळखता येते, आणि खात्री करायची तर शेवटचे दृश्य केकचे आहे की किंकाळीचे, एवढे पाहा. दिवे मालवून, कानांवर हेडफोन लावून पहिली चाळीस मिनिटे पाहा, आणि या वेळी राक्षसाची वाट पाहू नका. दर प्रसंगानंतर परतीची किती साधने उरली, दोर किती, दिवे किती, धडधाकट माणसे किती, इकडे लक्ष ठेवा. त्यानंतर परीक्षणे वाचायची तर एक अनुकूल आणि एक प्रतिकूल अशी दोन पूर्ण वाचा, आणि लिहिणाऱ्याने कोणता शेवट पाहिला होता ते प्रकाशनाच्या वर्षावरून ताडून घ्या. एवढे करूनही पूर्वार्ध कंटाळवाणाच वाटला, तर आपले मत प्रतिकूल परीक्षणाशी जुळते असे खुशाल समजावे. त्या बाजूलाही जाणती माणसे आहेत. ‘द केव्ह’ मात्र पाण्याखालच्या चित्रणापुरताच पुन्हा लावा.